'बिलिरुबिन बूस्टर' कॅप्सूल: लेबलवरचं सायन्स खरं, पण ते बाटलीत उतरलेलं नाही

पाचपैकी दोन स्टार देतेय आणि ते दोन्ही लेबलवरचा मजकूर लिहिणाऱ्याला, आतल्या कॅप्सूलला वेगळं रेटिंग द्यायची सोय असती तर तिथे एकही टाकला नसता. ब्रँडचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण या टाइपच्या बाटल्या सध्या ढिगाने मिळतात, झाकणाचा रंग बदलतो आणि दावा तोच राहतो, की बिलिरुबिन हे शरीराचं स्वतःचं सगळ्यात ताकदवान अँटीऑक्सिडंट आहे, ट्रान्सप्लांटच्या संशोधनात त्याचा फायदा दिसलाय, आणि आमची कॅप्सूल ते 'नैसर्गिकरीत्या वाढवते'.

मी हॉस्पिटलच्या बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये काम करते, बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात वाढतं ते पिवळं द्रव्य, हा माझा रोजचा विषय. सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब बाहेर काढली की वरचा सीरम फिकट गवती आहे की हळदीसारखा पिवळा यावरून मशीनच्या आधीच अंदाज येतो. पण ही बाटली माझ्यापर्यंत आली ती भाऊजींमुळे. त्यांची किडनी ट्रान्सप्लांट झालीय, छान चाललंय, आणि त्यांनी फोटो पाठवून विचारलं, "वहिनी, याच्यावर ट्रान्सप्लांट लिहिलंय, म्हणजे आपल्यासाठीच आहे ना, चालू करू का?" मी म्हटलं थांबा भाऊजी, आधी मी बघते. म्हणून एक बाटली मागवली, त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी. हा रिव्ह्यू त्याचाच, लांबलाय, पण विषयच तसा आहे.

पॅकिंग चांगलं आहे, गडद काचेची बाटली, सील नीट. कॅप्सूल उघडली की आत हिरवी-काळपट पावडर, साचलेल्या तळ्यासारखा वास, आणि बोटाला लागली तर डाग पटकन जात नाही. घटक बघितले तर स्पिरुलिना (पाण्यात वाढणारं शेवाळ) एक्स्ट्रॅक्ट, मिल्क थिसल ही वनस्पती, व्हिटॅमिन सी, आणि कॅप्सूलच्या कवचाचं नेहमीचं सामान. बिलिरुबिन? ते नाहीच. 'बिलिरुबिन' हा शब्द पुढच्या बाजूला सगळ्यात मोठ्या अक्षरात आणि घटकांच्या यादीत गायब. हे कायद्यात बसत असेल, पण गिऱ्हाइकाने पुढची बाजू वाचून पैसे दिलेले असतात.

आता लेबलच्या बाजूने बोलते, कारण त्यांनी छापलेली आकृती बरोबर आहे आणि एवढी नीट आकृती कधी कधी कॉलेजच्या नोट्समध्येही सापडत नाही. हीम (लाल पेशींतला लोहवाला लाल भाग), मग बिलिव्हर्डिन, मग बिलिरुबिन. आपल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, मग मोडतात, त्यांच्यातलं हीम बाहेर येतं. हीम ऑक्सिजनेज नावाचं एन्झाइम ते फोडतं, त्यातून तीन गोष्टी निघतात: लोह, थोडा कार्बन मोनॉक्साइड, आणि हिरवं बिलिव्हर्डिन. त्या हिरव्याचं बिलिव्हर्डिन रिडक्टेज नावाचं दुसरं एन्झाइम पिवळं बिलिरुबिन करतं. हे बघायला लॅब लागत नाही, कुठे आपटून मार लागला की ती जागा आधी जांभळी होते, मग हिरवट, मग पिवळी पडते, तो हाच प्रवास कातडीखाली चाललेला असतो. मोठ्या माणसात रोज २५० ते ३५० मिलिग्रॅम बिलिरुबिन असं तयार होतं. ते पाण्यात विरघळत नाही म्हणून रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनला चिकटून लिव्हरपर्यंत जातं, तिथे यूजीटी१ए१ हे एन्झाइम त्याला ग्लुक्युरॉनिक ॲसिड जोडतं, मग ते पाण्यात विरघळतं आणि पित्तातून बाहेर. नॉर्मल माणसात टोटल बिलिरुबिन साधारण ०.२ ते १.२ मिलिग्रॅम पर डेसिलिटर.

शरीर एवढा खटाटोप का करतं, हा प्रश्न मला शिकतानाही पडायचा. बिलिव्हर्डिन पाण्यात बरं विरघळतं, सरळ बाहेर टाकता आलं असतं. पक्ष्यांमध्ये बऱ्यापैकी तसंच होतं, त्यांचं पित्त हिरवं असतं. मग आपण आणखी एनर्जी खर्च करून त्याचं असं चिवट, न विरघळणारं, नवजात बाळाच्या मेंदूला घातक ठरू शकणारं बिलिरुबिन कशाला करतो? १९८७ मध्ये रोलंड स्टॉकर, ब्रूस एम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं एक उत्तर मांडलं, की हा कचरा नसून कामाची वस्तू असावी. त्यांनी दाखवलं की बिलिरुबिन चरबीतल्या ऑक्सिडेशनची साखळी तोडतं, आणि ऑक्सिजन जसा कमी, म्हणजे साधारण आपल्या टिश्यूत असतो तेवढा, तसं ते आणखी चांगलं काम करतं, तिथे ते व्हिटॅमिन ई पेक्षाही सरस ठरलं. तोवर बिलिरुबिन म्हणजे कावीळ आणि कावीळ म्हणजे बिलिरुबिन, याच्यापलीकडे फारसं कोणी बघत नव्हतं.

लेबलवर पुढे एक वाक्य आहे, 'एक रेणू हजारो फ्री रॅडिकल्सना भिडतो', म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या चंचल रेणूंना. हेही हवेतून आलेलं नाहीये. २००२ मध्ये सॉलोमन स्नायडर यांच्या ग्रुपने पेशींवर दाखवलं होतं की अगदी १० नॅनोमोलर बिलिरुबिन त्याच्या जवळपास दहा हजार पट हायड्रोजन पेरॉक्साइडपासून पेशी वाचवतं, आणि त्याचं कारण त्यांनी असं दिलं की बिलिरुबिन ऑक्सिडाइज होऊन परत बिलिव्हर्डिन होतं, रिडक्टेज त्याचं पुन्हा बिलिरुबिन करतं, आणि हे चक्र चालत राहतं. कल्पना फारच देखणी आहे. पण २००९ मध्ये स्टॉकर यांच्याच बाजूच्या लोकांनी तपासून सांगितलं की पेशींमध्ये या चक्राचा वाटा मर्यादितच दिसतो. म्हणजे ज्यांनी बिलिरुबिनला अँटीऑक्सिडंट म्हणून उभं केलं त्यांनीच या चक्राला लगाम घातला. लेबलवर अर्थातच २००२ आहे, २००९ नाही.

आता ट्रान्सप्लांट. खरी मजा इथेच आहे आणि लेबलने ती एका ओळीत गुंडाळलीय. अवयव काढला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. आतलं रक्त थंड सोल्यूशनने धुऊन काढतात आणि तो साधारण ४ डिग्रीला ठेवतात, हार्ट असेल तर जेमतेम चार-सहा तास, किडनी त्याहून बरीच जास्त वेळ टिकते. एवढा वेळ ऑक्सिजन नाही. सगळ्यांना वाटतं की नुकसान या काळात होतं, आणि काही होतंही, पण मोठा दणका बसतो तो नवीन शरीरात जोडून क्लॅम्प काढल्यावर, ताजं ऑक्सिजनवालं रक्त आत शिरतं तेव्हा. ऑक्सिजन नसताना मायटोकॉन्ड्रियात सक्सिनेट साचलेलं असतं, ऑक्सिजन परत आला की ते झपाट्याने जळतं, इलेक्ट्रॉन उलट्या दिशेने ढकलले जातात आणि सुपरऑक्साइड या असल्याच एका फ्री रॅडिकलचा लोंढा सुटतो, २०१४ मध्ये हे नीट दाखवलं गेलं. याला इस्किमिया-रिपरफ्युजन इंज्युरी म्हणतात. आणि हे एवढ्यावर थांबत नाही, त्या जखमी पेशी धोक्याचे सिग्नल सोडतात, ते वाचून इम्यून सिस्टिम जागी होते, म्हणजे पहिल्या काही मिनिटांत जे घडतं त्याचे पडसाद रिजेक्शनपर्यंत, म्हणजे शरीराने तो अवयव परका म्हणून नाकारण्यापर्यंत, जाऊ शकतात.

या मिनिटांसाठी अँटीऑक्सिडंट, ही कल्पना सर्जन लोकांना नवीन नाहीये. विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीत बेल्झर आणि साउथर्ड यांनी जे प्रिझर्वेशन सोल्यूशन बनवलं त्यात ग्लुटाथिओन आणि अ‍ॅलोप्युरिनॉल आधीपासूनच आहे. आणि १९९४ मध्ये जर्मनीतल्या वॉल्टर लँड यांनी किडनी ट्रान्सप्लांटच्या पेशंटना ऑपरेशनच्या वेळीच, एकदाच, शिरेतून सुपरऑक्साइड डिसम्यूटेज हे सुपरऑक्साइड मोडणारं एन्झाइम दिलं, तर पहिलं अ‍ॅक्यूट रिजेक्शन येण्याचं प्रमाण ३३.३ टक्क्यांवरून १८.५ वर आलं. एक डोस, तोही मोक्याच्या क्षणी. हा भाग लक्षात ठेवा, बाटलीकडे परत जाताना लागणार आहे.

बिलिरुबिन या गोष्टीत शिरलं ते हीम ऑक्सिजनेजच्या मागून. १९९८ मध्ये मिगेल सोआरेस, फ्रिट्झ बाख वगैरेंनी उंदराचं हार्ट रॅटमध्ये (उंदराहून मोठी, वेगळी जात) बसवून दाखवलं की ते टिकणार की नाही हे हीम ऑक्सिजनेज-१ तयार होतंय की नाही याच्यावर ठरू शकतं. मग साहजिकच लोक विचारायला लागले की हे एन्झाइम एवढं वाचवतं तरी कशाने, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने की बिलिव्हर्डिन-बिलिरुबिनने? दोन्हीकडून पुरावे आले. २००४ मध्ये रॅटच्या लिव्हरला बिलिव्हर्डिन दिल्यावर रिपरफ्युजनचं नुकसान कमी झालं. त्याच वर्षी उंदरांना बिलिव्हर्डिन देऊन परक्या हार्टबद्दल टॉलरन्स, म्हणजे इम्यून सिस्टिमने ते खपवून घेणं, तयार करता आला. २००६ मध्ये बिलिरुबिन देऊन पॅनक्रियाच्या आयलेट (इन्सुलिन बनवणाऱ्या) पेशींच्या ट्रान्सप्लांटमध्ये तेच दिसलं, आणि पुढे २०१० मध्ये त्यात रेग्युलेटरी टी पेशींचा, म्हणजे इम्यून सिस्टिमला आवरणाऱ्या पेशींचा, हात असल्याचं आलं. म्हणजे नुसतं रॅडिकल पकडण्याचं काम नाहीये हे, इम्यून सिस्टिमला समजावण्याचं पण आहे. आयलेटच्या बाबतीत मला हे खास पटतं, कारण त्या पेशींची स्वतःची अँटीऑक्सिडंट यंत्रणा मुळातच कमजोर असते, आणि लिव्हरच्या पोर्टल व्हेनमधून सोडल्या की पहिल्याच झटक्यात बऱ्याच मरतात.

पण या सगळ्यात माझा सगळ्यात आवडता प्रयोग २००३ चा, जपानी टीमचा, 'बिलिरुबिन रिन्स'. नावाप्रमाणेच. रॅटच्या लिव्हर ग्राफ्टला (बसवायच्या लिव्हरला) रिपरफ्युजनच्या, म्हणजे रक्त परत सोडण्याच्या, आधी मायक्रोमोलर प्रमाणातल्या बिलिरुबिनच्या सोल्यूशनने थोडा वेळ धुतलं, बस, तेवढ्याने नुकसान कमी झालं आणि पित्त बनवण्याचं काम सुधारलं. २००५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅडिन आणि मंडळींनी रॅटची किडनी शरीराबाहेर परफ्यूज करून (तिच्यातून द्रव फिरवत ठेवून) १० मायक्रोमोलर बिलिरुबिन सोडलं, तर तिचं काम चांगलं राहिलं. आता लॅबवाल्या बाईच्या डोक्यात लगेच हिशोब सुरू होतो. १ मिलिग्रॅम पर डेसिलिटर म्हणजे १७.१ मायक्रोमोलर. म्हणजे १० मायक्रोमोलर म्हणजे साधारण ०.६ मिलिग्रॅम. हे काय अचाट प्रमाण नाहीये, माझ्या तुमच्या रक्तात या क्षणी एवढं फिरतंय! आणि अवयव काढून धुतला की रक्ताबरोबर नेमकं तेच निघून जातं. म्हणजे रिन्समध्ये जादूचं काही घातलं नव्हतं, जे धुऊन टाकलं होतं ते परत दिलं. मला ही गोष्ट वाचून फार भारी वाटलं होतं आणि अजून वाटतं, म्हणूनच तर लेबलला दोन स्टार.

बरं, बिलिरुबिन हाताळणं म्हणजे डोक्याला ताप असतो हेही सांगते. नारिंगी पावडर असते, पाण्यात टाकली तर तशीच तरंगते, थोड्या अल्कलीत विरघळवावी लागते, आणि उजेड लागला की मोडायला लागते. पेशंटचं सॅम्पल खिडकीजवळ उन्हात राहिलं तर रिपोर्ट कमी येतो, बाळांच्या सॅम्पलच्या ट्यूबला आम्ही फॉइल गुंडाळतो ते उगाच नाही. कावीळ झालेल्या बाळाला निळ्या लाइटखाली ठेवतात ते याच गुणावर. त्यामुळेच औषध म्हणून द्यायचं तर संशोधक मंडळी त्याला पीईजी हे पाण्यात विरघळणारं पॉलिमर जोडून पाण्यात विरघळणारे नॅनोपार्टिकल बनवण्याच्या मागे आहेत, दक्षिण कोरियात त्यावर चांगलं काम झालंय. इथे बाटलीत काय आहे, तर तळ्याचा वास.

माणसांमध्ये काय दिसलंय, ते पण बघू, कारण भाऊजींचा पुढचा प्रश्न तोच होता. २०१२ मध्ये नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेनमधल्या किडनी ट्रान्सप्लांट पेशंटचा अभ्यास आला, त्यात ज्यांचं बिलिरुबिन नॉर्मलच्या आत पण वरच्या बाजूला होतं त्यांच्यात नंतरच्या काळात किडनी निकामी होण्याचं प्रमाण कमी दिसलं. छान आहे, पण हा संबंध आहे, कारण नाही. सिगरेट ओढणाऱ्यांचं बिलिरुबिन कमी असतं, अंगात सूज-जळजळ चालू असली की ते खर्च होतं, म्हणजे कमी बिलिरुबिन हे आजाराचं कारण आहे की आजाराची खूण, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. गिल्बर्ट सिंड्रोमवाल्यांचं पण तसंच. या लोकांचं यूजीटी१ए१ जन्मतःच थोडं आळशी असतं, बिलिरुबिन कायम जरा वर, आणि बऱ्याच अभ्यासांत त्यांना हार्टचे आजार कमी दिसले. म्हटलं हा तर निसर्गानेच केलेला प्रयोग. पण २०१३ मध्ये डेन्मार्कच्या लोकांनी जीनवरून मोठ्या संख्येत तपासलं तर जीनमुळे वाढलेल्या बिलिरुबिनने हार्टचा धोका कमी होतो असं काही हाती लागलं नाही. अँटीऑक्सिडंटच्या इतिहासात हे काही पहिल्यांदा झालेलं नाही. बीटा कॅरोटीनच्या वेळी असंच वाटलं होतं, आणि १९९४ मध्ये फिनलंडमधल्या सिगरेट ओढणाऱ्यांना गोळ्या दिल्या तर लंग कॅन्सर उलट वाढला.

आता परत बाटलीकडे.

स्पिरुलिनाचा संबंध असा लावतात की त्याच्यात फायकोसायनोबिलिन नावाचा निळा रंग असतो, त्याची रचना बिलिव्हर्डिनसारखी आहे आणि आपलं बिलिव्हर्डिन रिडक्टेज त्याच्यावरही काम करतं. डायबेटिस असलेल्या उंदरांच्या किडनीवर त्याचे बरे परिणाम दिसलेत. ठीक. पण ते बिलिरुबिन नव्हे, आणि कॅप्सूलमध्ये ते किती आहे हे लेबलवर कुठेच नाही. मिल्क थिसलचा तर्क वेगळा, त्यातलं सिलिबिन यूजीटी१ए१ ला अडवतं, म्हणजे बिलिरुबिन बाहेर जाणं मंदावतं आणि रक्तात वाढतं. हे खरंच घडलेलं आहे, प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशंटना अभ्यासात सिलिबिनचं प्रॉडक्ट दिवसाला १३ ग्रॅम दिलं तेव्हा बिलिरुबिन चढलं होतं. तेरा ग्रॅम! या बाटलीतल्या कॅप्सूलमध्ये मिलिग्रॅमच्या हिशोबात आहे, तेवढा डोस गाठायचा तर मूठमूठ गिळत बसावं लागेल. आणि कोणी म्हणेल मग सरळ बिलिरुबिनच का नाही खायचं, तर आतड्यातले जंतू त्यातलं बरंचसं युरोबिलिनोजेन करून टाकतात, त्यांच्या त्या एन्झाइमला २०२४ मध्ये बिलआर असं नावही मिळालं.

मी स्वतः काही आठवडे घेतली. आधी आणि नंतर स्वतःचं सॅम्पल लावलं, एकाच मशीनवर, सकाळी उपाशीपोटी. ०.६ होतं, ०.६ राहिलं. एका माणसावरून सिद्ध काही होत नाही हे मला कळतं, पण गिऱ्हाईक म्हणून सांगते, हललं सुद्धा नाही. साधं दोन दिवस पोटभर खाल्लं नाही तरी बिलिरुबिन याच्यापेक्षा जास्त चढतं, गिल्बर्टवाल्यांचं तर हमखास, पूर्वी तीच टेस्ट म्हणून वापरायचे. मला त्रास काही झाला नाही, थोडं पोट गुरगुरलं, ढेकर मात्र त्याच वासाचे.

एवढंच असतं तर मी 'पैसे वाया' म्हणून विषय सोडला असता. पण हे ट्रान्सप्लांटचं नाव घेऊन विकतायत आणि तिथे मला राग येतो. समजा कॅप्सूलने खरंच बिलिरुबिन वाढवलं, दाव्याप्रमाणे. ट्रान्सप्लांटच्या पेशंटमध्ये बिलिरुबिन हा आकडा डॉक्टर कशासाठी बघतात? लिव्हर बसवलेल्या माणसात सातव्या दिवशी ते १० च्या वर असलं तर ग्राफ्ट नीट सुरू झाला नाही असं धरतात. पुढे वाढलं तर पित्तनलिका आकसली का, रिजेक्शन आहे का, औषधाचा त्रास आहे का, इन्फेक्शन आहे का, हे शोधायला धावपळ सुरू होते. लिव्हरच्या वेटिंग लिस्टवरचा मेल्ड स्कोअर सुद्धा बिलिरुबिन, आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ), क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) असल्या आकड्यांवर निघतो. घरात धुराचा अलार्म आहे आणि तुम्ही रोज हौसेने त्याच्याखाली उदबत्ती लावताय, असला प्रकार. खरी आग लागली तर ओळखायची कशी?

आणि किडनीवाल्यांनी असं समजू नये की हे लिव्हरवाल्यांचं दुखणं आहे. आमच्या लॅबमधली एक गोष्ट सांगते जी पेशंटना कोणी सांगत नाही. क्रिएटिनिन मोजायची जी जुनी जॅफे पद्धत आहे, पिक्रेटने नारिंगी रंग येतो ती, अजून भरपूर ठिकाणी वापरतात, तिच्यात बिलिरुबिन खूप चढलेलं असलं की क्रिएटिनिन खोटं कमी येऊ शकतं. म्हणजे किडनी कुरकुरतेय आणि रिपोर्ट म्हणतो सगळं ठीक. यासाठी मशीन प्रत्येक सॅम्पलचा पिवळेपणा वेगळा मोजतं आणि जास्त निघाला तर आम्हाला फ्लॅग देतं, मग आम्ही दुसऱ्या पद्धतीने तपासतो किंवा रिपोर्टवर शेरा लिहितो. हे कावीळीच्या पातळीला होतं, ०.६ चं ०.८ झालं म्हणून नाही, घाबरवायचं नाहीये कोणाला. पण 'बिलिरुबिन जितकं जास्त तितकं चांगलं' असं छापणाऱ्याला हे माहीत असायला हवं.

औषधांचा मुद्दा याहून गंभीर. टॅक्रोलिमस या रिजेक्शन रोखणाऱ्या औषधाची खिडकी अगदी अरुंद, थोडं कमी झालं तर रिजेक्शन, थोडं जास्त झालं तर त्याच किडनीला इजा, म्हणूनच तर सकाळचा डोस घ्यायच्या आधी रक्त काढून लेव्हल बघतात. लिव्हरची एन्झाइमं कशाने चाळवली की ही लेव्हल हलते, ग्रेपफ्रूट आणि सेंट जॉन्स वर्ट यांचं सगळ्यांना माहीत आहे. मायकोफेनोलेट हे त्याच्या जोडीचं औषध तर ग्लुक्युरॉनिक ॲसिड जोडूनच बाहेर जातं, बिलिरुबिनच्या यूजीटीच्या भाऊबंद एन्झाइममार्फत, आणि ही कॅप्सूल म्हणते आम्ही त्याच खात्यात ढवळाढवळ करतो. वर स्पिरुलिना ही 'इम्युनिटी वाढवते' म्हणून विकली जाते. अहो, ज्या माणसाची इम्युनिटी दाबून ठेवण्यासाठी रोज घड्याळ लावून गोळ्या चालल्यात त्याला इम्युनिटी बूस्टर? आणि स्पिरुलिना कुठे पिकवली याच्यावर त्यात मायक्रोसिस्टिनसारखी विषं किंवा जड धातू मिसळलेले असू शकतात, बॅच टेस्ट केल्याचा कागद मी शोधला, बाटलीवर नाही, वेबसाइटवर नाही.

मूळ गोचीच ही आहे की ट्रान्सप्लांटमधला बिलिरुबिनचा फायदा हा त्या काही मिनिटांचा किंवा तासांचा आहे, अवयव बाहेर आहे किंवा नुकताच जोडलाय तेव्हाचा. रिन्समध्ये द्या, परफ्युजन मशीनमध्ये द्या, डोनरला द्या, ऑपरेशनच्या वेळी द्या, त्या सगळ्या दिशेने काम चालू राहावं असं मला मनापासून वाटतं. एडिंबरामध्ये किडनी ट्रान्सप्लांटच्या पेशंटना हीम अर्जिनेट (हीम असलेलं औषध) देऊन हीम ऑक्सिजनेज-१ वाढवता येतं हे दाखवलंय, म्हणजे शरीरालाच ते बनवायला लावायचं, हा मार्ग मला कॅप्सूलपेक्षा कितीतरी शहाणपणाचा वाटतो. भाऊजींची किडनी कधीच जोडून झाली, स्थिर आहे. त्यांच्यासाठी ती वेळ टळून गेलीय, आता रोज हिरवी पावडर खाऊन ती परत येणार नाही.

कस्टमर केअरबद्दल थोडं. मी मेल करून तीन गोष्टी विचारल्या: एका कॅप्सूलमध्ये फायकोसायनोबिलिन किती, टॅक्रोलिमस घेणाऱ्यांनी घ्यावी का, आणि बॅच रिपोर्ट मिळेल का. उत्तर लवकर आलं, ते मान्य. उत्तर होतं की आमचं प्रॉडक्ट शंभर टक्के नैसर्गिक असून साइड इफेक्ट नाहीत. परत विचारलं तर 'आमचे वेलनेस एक्स्पर्ट तुम्हाला कॉल करतील' आलं, आणि कॉल आला तो तीन बाटल्यांच्या पॅकचा. त्या मुलाला मी विचारलं बिलिरुबिन म्हणजे काय, तर बिचारा म्हणाला, "मॅडम, व्हिटॅमिन आहे."

कोणी घ्यावी मग? तब्येत ठणठणीत असलेल्या माणसाला स्पिरुलिना खायचीच हौस असेल तर साधी, टेस्ट रिपोर्टवाली घ्या, बिलिरुबिनच्या नावाचे जास्तीचे पैसे देऊ नका. गिल्बर्टवाले मला मेसेज करून विचारतील म्हणून आत्ताच सांगते, तुमच्याकडे आधीच जास्त आहे, तुम्हाला ना वाढवायची गरज ना कमी करायची, फक्त नवीन डॉक्टरकडे गेलात की आवर्जून सांगा, कारण कॅन्सरच्या इरिनोटेकानसारख्या काही औषधांचा डोस त्याप्रमाणे बघावा लागतो. ट्रान्सप्लांट झालेल्यांनी, कुठलाही अवयव असो, ही किंवा असली कुठलीही बाटली ट्रान्सप्लांट टीमला दाखवल्याशिवाय उघडू नका. आणि घेऊन झाली असेल तर लपवू नका, पुढच्या व्हिजिटला बाटलीच घेऊन जा, ते ओरडणार नाहीत, फार तर एक टॅक्रोलिमस लेव्हल जास्तीची सांगतील. भाऊजींना मी एवढंच कळवलं, की तुमच्या गेल्या रिपोर्टला बिलिरुबिन ०.८ आहे, किडनीला हवं तेवढं तुमचं शरीर रोज बनवतंय. त्यांचा रिप्लाय आला, "मग ती बाटली तुम्हीच संपवा वहिनी."